पाच लिटर गोडं पाणी

गुरुपादप्पांनी आधी पाण्याचा कॅन बोटीत दिला, मग चपला दिल्या आणि सगळ्यात शेवटी स्वतःला देऊन टाकलं. बोट हलली. ते तोल जाऊन जिथे पडणार तिथेच नेमका संगमेशचा हात होता म्हणून वाचले. पण ज्याला पारखायला आलो त्याचाच हात धरावा लागला, हे त्यांना काही आवडलं नाही.

“कॅन ऱ्हाऊ द्या की अप्पा काठावर. बोटीत हाय पाणी.”

“असू द्या. आपलं पाणी आपल्याजवळ बरं.”

तो कॅन उदगीरहून निघाला होता. गंगम्माने, त्यांच्या बायकोने, रांजणात खोल वाकून तांब्या तांब्याने भरून दिला होता. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि उदगिरात लोक घराला लावायचं कुलूप पाण्याच्या टाकीला लावत होते. अशा दिवसांत पाच लिटर गोडं पाणी सोबत देणं म्हणजे बायकोची मायाच म्हणायची. गुरुपादप्पांनी एसटीत रात्रभर कॅन मांडीवर ठेवला. वाटेत तहान लागली तेव्हा चहा प्यायले, पण त्याचं बूच काही उघडलं नाही.

गुरुपादप्पांचा डाळीचा व्यापार. त्यांची मुलगी शिवकांता लग्नाची झाली होती. पूर्वी स्थळ आलं की शेती किती, दुकान कुठे, हे विचारायचे. आता पहिला प्रश्न नळाचा असे. म्हणून मध्यस्थ दगडोबा एक दिवस हसत आला आणि म्हणाला, पाण्याचं स्थळ आणलंय. देगलूरच्या मलप्पांचा मुलगा संगमेश, आपल्याच लिंगायतांतला, उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला आणि आता मालवणला समुद्रावर नोकरीला. प्यायला पाणी नसलेल्या गावात माशांचं कॉलेज कुणी काढलं, हे कोडं गुरुपादप्पांना कधीच सुटलं नव्हतं. पण पदवी म्हणजे पदवी. शिवाय उदगीर जिल्हा होणार अशी हवा पुन्हा उठली होती. जिल्हा झाला की मासळीचं मोठं ऑफिस येणार आणि पोरगा खुर्चीवर बसायला गावी येणार, असंही दगडोबाने आपल्या पदरचं जोडून दिलं. शिवकांताने फोटो पाहिला आणि परत दिला नाही. घरात सगळ्यांना जे कळायचं ते कळलं.

गुरुपादप्पांच्या डोळ्यांपुढे टेबल होतं, पंखा होता. मालवणच्या धक्क्यावर भेटला तो गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेला, उन्हाने काळा पडलेला पोरगा. हातात चिरलेल्या बांगडा माशांची बादली. हौशी लोकांना बोटीतून समुद्रात नेऊन गळाने मासे धरू द्यायचे, ही त्याची नोकरी. गुरुपादप्पांनी रात्री फोनवर हे गंगम्माला सांगितलं.

“मासे मारनाऱ्याच्या घरात माझी पोरगी जानार न्हाई,” ती म्हणाली. “मलप्पा उद्या सांजच्याला जबाब मागून ऱ्हायलाय. तुमी त्येच्यासंगं बोटीत बसा. सोताच्या डोळ्यानं बघा, मारतो का न्हाई. मग काय ते सांगा.”

म्हणून ते बसले होते.

बोटीत चौघं जण. सुकाणूवर तांडेल बाबल, तोंडात पानाचा तोबरा. पुढे कोल्हापूरचे एक डॉक्टर, दर हंगामाला येणारं संगमेशचं हक्काचं गिऱ्हाईक. मधे संगमेश. आणि मागे कॅनशेजारी गुरुपादप्पा, धोतराचा सोगा एव्हाना ओला झालेला. किनारा मागे सरला तसं त्यांना काय बघावं ते कळेना. चहूकडे पाणीच पाणी, आणि एकाही माणसाच्या हातात घागर नाही. कुणाचा नंबर नाही, कुणाचं भांडण नाही. एवढी मालमत्ता अशी उघड्यावर टाकलेली बघून त्यांचा व्यापारी जीव कासावीस झाला.

“आता मासे घावत्यात का?” बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी विचारलं.

“हंगाम सरत आला, अप्पा,” संगमेश गळाला बांगड्याचा तुकडा लावत म्हणाला. “थंडीत सुरमई लई. वर वर फिरती, बोट चालवत धरायची. आता पानी तापलंय. आता खडकाच्या बुडाला तांबोशी घावती, गोबरा घावतो. दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो, त्याच्या आत परतायचं. जूनपासून तर बंदच. माशांचे अंडी घालायचे दिवस.”

“म्हंजे सध्या आवक कमी.”

“हाव. आवक कमी.”

इथवर गुरुपादप्पांना समजलं. तुरीचं तसं हे. पण पुढचं ऐकून त्यांचं डोकं चालेनासं झालं. डॉक्टर मासा धरणार, त्याच्याबरोबर फोटो काढणार आणि पुन्हा पाण्यात सोडून देणार.

“पैसे देऊन धरायचा आन् सोडून द्यायचा?”

“हाव.”

“मग धरायचा कशाला?”

“ते मला बी अजून कळलं न्हाई, अप्पा,” संगमेश हसला. माहीत असल्याचा आव त्याने आणला नाही, हे गुरुपादप्पांनी मनात टिपून ठेवलं. तो वाकला तेव्हा शर्टाच्या गळ्यातून शिवदारा दिसला. म्हणजे लिंग गळ्यात होतं. गळ्यात लिंग आणि हातात गळ. हा माणूस कुठल्या खात्यात मांडायचा तेच त्यांना उमगेना.

सूर्य हातभर वर आला तेव्हा डॉक्टरांची दोरी ताणली. बराच वेळ ओढाताण झाली आणि एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा मासा वर आला. कोपराएवढा लांब, जाड ओठांचा. गुरुपादप्पांनी तोंड फिरवलं आणि मग, बघायलाच आलोय हे आठवून, पुन्हा वळवलं. संगमेशने ओल्या फडक्यात मासा धरून गळ अलगद काढला. पोटाला बोट लावून पाहिलं.

“डॉक्टरसाहेब, गोबरा आहे. मादी. पोटात अंडी आहेत.”

“मग हिला काही होता कामा नये,” डॉक्टर म्हणाले. “जरा सावरू दे, फोटो काढू आणि सोडू.”

संगमेशने टबात समुद्राचं पाणी घेऊन मासा त्यात ठेवला. गुरुपादप्पांना हे सगळं फार आवडलं. गाभणीला सोडतो म्हणजे पोरगा देवाधर्माचा आहे. गंगम्माला आधी हेच सांगायचं. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी टबाशेजारी सरकून बसायचीही हिंमत केली.

तेवढ्यात डॉक्टरांची दुसरी दोरी सुटत गेली. काहीतरी मोठं लागलं होतं. संगमेश पुढे धावला, बाबल बोट वळवत ओरडू लागला, “ढील दी, ढील दी!” तिघांच्याही पाठी गुरुपादप्पांकडे झाल्या.

टबात ती मादी तोंड उघडत होती, मिटत होती. पुन्हा उघडत होती. गुरुपादप्पा बघत राहिले. असं तोंड त्यांनी याच उन्हाळ्यात पाहिलं होतं, गल्लीतल्या गायीचं, पारावरच्या कावळ्यांचं. त्यांनी बोट बुडवून टबातलं पाणी जिभेला लावलं आणि थूऽ करून थुंकले. जहर खारट! पोटात पिल्लं घेऊन बिचारी हे पाणी गिळते आहे. त्यांनी पुढे हाक मारली.

“संगमेश! हिला तहान लागून ऱ्हायली!”

वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

मग ते क्षणभर कॅनकडे बघत बसले. गंगम्माने भरून दिलेलं पाणी. पण जीव तो जीव. त्यांनी टब तिरपा करून, मासा हाताने अडवत, खारं पाणी सगळं सांडून दिलं. जन्मात पहिल्यांदा मासा हाताला लागला तेव्हा अंगावर काटा आला. मग बूच उघडलं आणि पाच लिटर गोडं पाणी हळूहळू, लेकराला न्हाऊ घालतात तसं, तिच्या डोक्यावरून ओतलं. एक थेंब राखला नाही.

ती आधी जोरात वळवळली. तिला हुशारी आली असं त्यांना वाटलं आणि भरून आलं. मग ती शांत झाली. झोपली असेल.

पुढे मोठा मासा दोरी तोडून निघून गेला. डॉक्टर हळहळत मागे आले आणि टबापाशी थबकले. मासा कुशीवर पडला होता. संगमेशने तो उचलून समुद्रात धरला, तोंडातून पाणी जावं म्हणून मागेपुढे केला. पुष्कळ वेळ केला. मग त्याने टबात बोट बुडवलं आणि ओठांना लावलं.

गुरुपादप्पांनी त्याचा चेहरा पाहिला. काय झालं हे त्यांना नीटसं कळलं नव्हतं. पण ते आपल्या हातून झालं, एवढं त्या चेहऱ्यावरून कळलं. रिकामा कॅन त्यांच्या मांडीवर होता. तो कुठे लपवावा हे सुचेना.

“मेली कशी?” डॉक्टरांचा आवाज चढला. “तुझ्या भरवशावर ठेवली होती ना?”

“गळ आत कल्ल्यापर्यंत गेला होता, साहेब. काढताना माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझीच.”

“इतकी वर्षं हेच करतोस आणि लक्षात आलं नाही? अंड्यांची मादी होती ती. पुढच्या हंगामात मला दुसरी बोट बघावी लागेल.”

“जी,” संगमेश म्हणाला.

बाबलने कॅनकडे पाहिलं, गुरुपादप्पांकडे पाहिलं आणि पानाची पिंक समुद्रात टाकली. गुरुपादप्पांना बोलायचं होतं. पण पेठेत ज्यांचं वजन सगळे मानायचे त्या माणसाला त्या चार फुटांच्या जागेत उभंसुद्धा राहता येईना. संगमेशने त्यांच्याकडे न बघताच त्यांच्या मांडीवरचा कॅन बाजूला सारला आणि टबातलं पाणी समुद्रात ओतून दिलं.

“अप्पा, मधी येऊन बसा. लाटा वाढून ऱ्हायल्या.”

धक्क्यावर उतरल्यावर डॉक्टर गाडीत बसून गेले. बाबलने मेलेला मासा पिशवीत घातला आणि घरी नेला. आता दोघंच उरले.

“तिला काय झालं?” गुरुपादप्पांनी विचारलं.

“खाऱ्या पाण्यातलं जित्राब, अप्पा. गोडं पाणी सोसत न्हाई त्येला.”

गुरुपादप्पा खाली बघत राहिले. गोड्या पाण्याने कुणी मरतं, हे या वर्षी लातूर जिल्ह्यात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

“तुमी खोटं का बोललाव? गिऱ्हाईक गेलं की तुमचं.”

“माझ्या आईनं बी तिला गोडं पानीच दिलं असतं,” संगमेश म्हणाला. “डॉक्टरानं तिला बोललेलं मला चाललं नसतं.” आणि नळावर बादली धुवायला गेला.

संध्याकाळी गुरुपादप्पा भाड्याच्या खोलीत अंघोळ करून पूजेला बसले. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. पाण्याचा तांब्या समोर होता. पण हात पुढे जाईना. याच तळहाताने तिला अडवलं होतं. साठीला आले होते, घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. पाप झालं म्हणावं, तर मनात दयेशिवाय काही नव्हतं. झालं नाही म्हणावं, तर एक जीव पोटातल्या जीवांसकट गेला होता. आणि ज्याला मासे मारणारा म्हणून नापास करायला ते आले होते, त्याने सकाळपासून एकही मारला नव्हता. त्यांना रडूच यायला लागलं. पूजा कशीबशी उरकून, लिंग पुन्हा गळ्यात बांधून ते नुसते बसून राहिले.

फोन वाजला.

“मलप्पाचा दोनदा फोन येऊन गेला,” गंगम्मा म्हणाली. मागे शिवकांताच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं; ती जवळच उभी असणार. “बघितलंव का?”

“बघितलं.”

“मग? मारतो का न्हाई, तेवढंच सांगा.”

“त्यो न्हाई मारत,” गुरुपादप्पा म्हणाले. “म्या मारला.”

“काय म्हनलाव?”

“आज एक मासा मेला. माझ्या हातानं. पोटुशी व्हती. त्या पोरानं सगळ्यांम्होरं आपल्या अंगावर घेतलं आन् मी तोंड शिवून बसलो.”

पलीकडे गंगम्माने ‘शिव शिव’ म्हटलं.

“मग मलप्पाला काय सांगू?”

“सांगू नको काई. विच्यार,” गुरुपादप्पा म्हणाले. “मासा मारनाऱ्याच्या घरातली पोरगी त्येंना चालंल का, म्हनून विच्यार.”