कप्तानाचं वाक्य

कॉलेजची इमारत दुरुस्तीला काढल्यामुळे सत्राचे पहिले महिने वर्ग घरूनच चालले. आइसक्रीमच्या काड्यांचा पूल बांधून त्यावर वजनं ठेवून दाखवायची, असा प्रकल्प तिघांच्या गटाला मिळाला होता. पडद्यावर दोघं बोलत. तिसरा माइक बंद ठेवून नुसतं टाइप करायचा. पण तो लिहायचा इतकं नेमकं, की सगळी कामं त्याच्याच सांगण्यावरून होत. त्याचं नाव कप्तान पडलं.

वर्ग पुन्हा भरले तेव्हा कळलं, कप्तान अडखळत बोलतो. एकेका शब्दापाशी अडायचा, मान ताणायचा. गटातल्या मुलीचं तोंड दिवसभर चालू असायचं, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिला ते बघवेना. ती त्याची वाक्यं पुरी करू लागली. आपण मदतच करतोय, असं तिला वाटे. तो हसून मान हलवायचा. हळूहळू त्याने बोलणंच कमी केलं.

पूल जोडताना त्याने मधल्या सांध्यावर बोट ठेवलं. "इथे ति... ति..."

"तिप्पट डिंक," चिमणीने सांगून टाकलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डिंकाची बाटली पुढे केली.

सरांना दाखवण्याआधी चाचणीला वजनं ठेवायला घेतली आणि पूल नेमका तिथेच मोडला. तिथे तिरपी काडी हवी होती, हे तुकडे पाहून बाकीच्या दोघांच्याही लक्षात आलं. गटातला उरलेला गडी, वयाने मोठा म्हणून ज्याला सगळे मामा म्हणत, त्याने कप्तानाला विचारलं, की ठाऊक होतं तर पूर्वीसारखं लिहून का नाही दिलंस?

"समोर ब... बसून लिहायचं नव्हतं," कप्तान म्हणाला. "बोलायचं होतं."

चिमणीचा चेहरा उतरला. ती मोडलेले तुकडे गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काड्या मांडल्या. कप्तान बोलू लागला, तशी चिमणी दातांत पेन्सिल धरून बसली. मामाला हसू आवरेना. बोलण्याला लागायचा तेवढा वेळ लागला. मधे एकदा कप्तानाने तिचंच म्हणणं मान्य केलं, एकदा साफ खोडून काढलं.

नवा पूल दिसायला वाकडातिकडा झाला, पण टिकला. सरांना दाखवताना त्याची माहिती कप्तानानेच दिली. सरांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग पेन खाली ठेवून ऐकत राहिले. गुण बेताचेच मिळाले.

बाहेर पडल्यावर तिघं कँटीनच्या रांगेत उभे राहिले, आणि काय घ्यावं यावरून कप्तान मामाशी बराच वेळ वाद घालत होता.