खजुरीचं पान

बीदरच्या आमच्या ऑफिसात एकशे चाळीस गावांची दारं एकाच फाइलीत होती. तूर विकायचा नंबर लावायला वेबसाइटवर प्रत्येक गावाचं वेगळं पान. कुठलं पान कुठल्या मशीनवर, हे सर्व्हर त्या फाइलीतून वाचायचा. एवढी लांब फाइल हातानं कोण लिहिणार? आमचे साहेब गुरुपादय्या अप्पा यांनी एक साचा केला होता आणि गावांची यादी. तो साचा म्हणजे मॅक्रो; यादीवर तो चालवला, की जात्यावरच्या गाण्यासारखं व्हायचं. पालुपद तेच, गावाचं नाव तेवढं नवं. तयार फाइलीच्या कपाळावर अप्पांची ओळ होती: 'हिला हात लावू नका. दुरुस्ती यादीत करा.'

मी हात लावला.

सोमवारी खजुरीचं पान नव्या मशीनवर गेलं. खजुरीच्या नोंदणी केंद्रावरच्या मल्लेश्वरीचा फोन आला, "राजश्रीअक्का, पान उघडंना झालंय." यादी दुरुस्त करून मॅक्रोनं फाइल पुन्हा बांधायची, तर दहा मिनिटं. मी तयार फाइलीतच पत्ता बदलला. पान उघडलं. "लई हुशार बाई अक्का तू," ती म्हणाली. मला ते गोड लागलं.

गुरुवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या वीरण्णानं यादीत औरादकडचं एक गाव घातलं आणि फाइल नव्यानं बांधली. मॅक्रोला यादीपलीकडचं काही ठाऊक नसतं. माझी दुरुस्ती पुसली गेली. नंबर लावायचा शेवटचा दिवस, आणि खजुरीचं दार बंद. दुपारपर्यंत बत्तीस माणसं केंद्रावरून परत गेली.

"वीरण्णा, काय करायलास बाबा? एक गाव घालताना दुसरं पाडलास?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, खजुरीला म्या हातबी लावला न्हाई."

"मग भुतानं लावला व्हय?"

सगळे हसले. मीही हसले.

"उद्यापासून फाइल बांधू नकोस. फोन घेत बस," अप्पा म्हणाले. मला हा साचा वीरण्णानंच शिकवला होता, ओळीवर बोट ठेवून.

मी यादी उघडली. खजुरीपुढं जुनाच पत्ता. तो बदलला, फाइल बांधली, पान उघडलं. कुणाला कळलंही नसतं. मान वर होईना.

"अप्पा, ते भूत मीच."



"मला ठाऊक होतं," वीरण्णा हळूच म्हणाला. "कालची फाइल आजच्या शेजारी लावून बघितलो. सोमवारी खजुरीचा फोन तूच घेतलेलीस."

"मग सांगितला न्हाईस कामून?" मी विचारलं.

"तू हसलीस न्हवं. वाटलं, हसून झालं की सांगशील."

त्यानं फोन माझ्याकडं सरकवला. मुदत पाचपर्यंत होती. परत गेलेल्या माणसांना बोलवून घ्यायला मी मल्लेश्वरीला फोन लावला.

"बोल की, हुशार अक्का," ती म्हणाली.