युवा अध्यक्षाचा क्रूस

सतीशनं युवक मंडळाचं अध्यक्षपद घेतलं तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता त्याची पोरगी नीलिमा त्याच मंडळाची सभासद झाली होती आणि बैठकीत बापाला 'अध्यक्ष महोदय' म्हणत होती. यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. मंगरूळपीरच्या चौकात ज्यांच्या फलकांवर 'युवा नेते' लिहिलेलं असे, त्यांतले निम्मे आजोबा झालेले होते. मग चर्चच्या मंडळानंच काय घोडं मारलं होतं?

मंडळाचं कामही जोरात चाले. पावसाळ्यात वृक्षारोपण होई, ते दरवर्षी त्याच खड्ड्यात, कारण खड्डा तयार होता. नाताळात येशूजन्माच्या देखाव्यांची गव्हाणी स्पर्धा होई. एका वर्षी एकच गव्हाणी आली, तर तिला दुसरा नंबर दिला. पहिल्याच्या लायकीची नव्हती म्हणून. स्वच्छता मोहिमेच्या आदल्या दिवशी आवारात पाला आणून टाकावा लागे, कारण सिस्टर रोज झाडून घेत आणि फोटोत कचरा दिसत नसे. या साऱ्यावर सतीशची देखरेख. किराणा दुकान बायको संगीता सांभाळे, सतीश मंडळ सांभाळे. चहाच्या टपरीवर, एस.टी. स्टँडवर लोक त्याला 'अध्यक्ष' म्हणूनच हाक मारत. संगीता सोडून सगळे मारत.

मग वसईकडचे फादर रेमंड आले. वयानं अध्यक्षापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "युवक म्हणजे पस्तीसपर्यंत. सतीशभाऊ, तुमचं वय काय?"

"मनानं का शरीरानं?"

"आधार कार्डानं."

पोरं हसली. सतीश हसला नाही. "फादर, तरुणपण का कागदावर राह्यते? अंगात राह्यते. अब्राहामले शंभराव्या वर्षी पोरगं झालं."

"झालं. पण तो युवक मंडळ चालवत नव्हता."

कॉलेजात जाणारा शिवम मागच्या बाकावरून म्हणाला, "काका, तुमी सल्लागार व्हा ना. मान राह्यते सल्लागाराले." सल्लागार म्हणजे काय, ते सतीशला पक्कं ठाऊक होतं. मागच्या अध्यक्षाला त्यानंच सल्लागार केलं होतं. त्यानंतर त्या माणसाला कोणी चहालाही विचारलं नाही.

तडजोड निघाली ती यात्रेवर. उपवासकाळात, होळीच्या मागंपुढं, मंडळ शनिवारी पायी निघे आणि रविवारी इंझोरीच्या अंगाला असलेल्या मारियामातेच्या टेकडीवर पोचे. सोबत क्रूस असे. गोल सागवानी बल्ल्यांचा, माणसापेक्षा उंच, भाऊसिंग सुतारानं जुन्या काळी केलेला. वाटेत ज्याला वाटेल त्यानं त्याला खांदा द्यायचा. टेकडीची चढण मात्र अध्यक्षानं एकट्यानं चढायची, असा रिवाज होता.

"ठीक आहे," फादर म्हणाले. "यंदा न थांबता चढलात तर आणखी एक वर्ष तुम्हीच. थांबलात तर तिथंच नवा अध्यक्ष निवडू."

सतीशनं मान डोलावली. गेल्या वर्षी तो चढणीवर दोनदा बसला होता, आणि घरी आल्यावर आठवडाभर खाटेवर पालथा पडून संगीताकडून कंबर शेकून घेत होता. हे फादरांना माहीत नव्हतं. संगीताला होतं.

"देऊन टाका ना ते पद त्या पोराले," ती म्हणाली. "दुकानात बसा."

"तुले नाई समजत."

"मले सगळं समजते. दुकानात तुमाले कोनी अध्यक्ष नाई म्हणत. दोन किलो साखर दे म्हणते. तेच दुखते तुमाले."

बायको खरं बोलली की सतीश बाहेर जाई, तसा गेला. गेला तो थेट सैफुद्दीनच्या प्लास्टिक पाईपाच्या दुकानात. क्रुसाला तेलपाणी करायचं काम दरवर्षी अध्यक्षाच्याच घरी होई, त्यामुळं क्रूस तेव्हा त्याच्याकडंच होता. त्याचं माप त्यानं सुतळीनं घेऊन ठेवलं होतं.

सैफुद्दीननं सुतळी पाहिली. "जोड पक्का करून देतो, भाई. लीकेज नाई होणार. पण पाणी कुठं न्यायचं हाय?"

"पाणी नाई न्यायचं. चर्चचं काम हाय. दिसाले सागवान दिसलं पाह्यजे."

"मग वजन?"

"वजन श्रद्धेचं राह्यते, भाई."

सैफुद्दीननं दाढीवरून हात फिरवला. उपरवाल्याचं काम आहे म्हणून जास्त विचारलं नाही. त्याचा पुतण्या इमरान पेंटर होता. त्यानं पाईपावर सागाच्या रेघा काढल्या, गाठी काढल्या, एका जागी वाळवीनं खाल्ल्याची खूणसुद्धा काढली. भाऊसिंगनं पाहिलं असतं तर त्यानं आपलंच काम म्हणून ओळखलं असतं. खरा क्रूस सतीशनं गोदामात पोत्यांखाली सरकवून दिला आणि घरी कण्हण्याची तालीम सुरू केली. संगीतानं दोनदा विचारलं, पोट दुखते का म्हणून.

शनिवारी सकाळी यात्रा निघाली. पुढं क्रूस, मधे पोरं-पोरी, मागं भांडीकुंडी आणि भोंगा घेतलेला टेम्पो. गव्हाची सोंगणी चालू होती. वावरातल्या बाया कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. सतीश असा वाकून चालत होता की एका बाईनं त्याला बांधावर बोलावून पाणी पाजलं.

गावाबाहेर शिवम पुढं आला. "द्या काका." वजन मोठं असणार म्हणून त्यानं सारा जोर लावून क्रूस उचलला, आणि तो त्याच्या डोक्यावरून मागं जाता जाता राहिला. शिवमनं क्रुसाकडं पाहिलं. मग सतीशकडं पाहिलं. सतीश दूर डोंगराकडं पाहत होता. तेवढ्यात एका पोरीनं मोबाईल समोर धरला. शिवम लगेच वाकला, चेहरा वाकडा केला, एक गुडघाही टेकवला.

चालता चालता तो हळूच म्हणाला, "काका, यंदा क्रूस लय जड हाय ना?"

"पापं वाढले ना बापा."

पुढं एकेकानं खांदा दिला आणि एकेकाला कळलं. प्रत्येक जण पहिल्या क्षणी दचके, इकडंतिकडं बघे, आणि आधीच्यापेक्षा दोन बोटं जास्त वाके. आधीचा इतका कण्हला असताना आपल्यालाच हलका लागला, असं सांगावं कसं? शिवमच्या व्हिडिओवर तर कोणीतरी रडकं संगीत लावून तो सगळीकडं पाठवला होता. दुपारी रस्त्यावरच्या बाजारातून जाताना, चार लोक बघत असताना, फादरांनी स्वतः क्रूस घेतला. क्षणभर थांबले. घशातल्या घशात खाकरले. आणि मंडळातल्या सगळ्यांपेक्षा जास्त वाकले.

फक्त नीलिमा वाकली नाही. तिनं क्रूस या खांद्यावरून त्या खांद्यावर केला आणि विचारलं, "बाबा, तुमची कंबर बरी हाय ना आता?"

"मातेची कृपा," सतीश म्हणाला.

संध्याकाळी वाटेतल्या गावात बौद्ध मंडळींनी समाजमंदिरात उतरायला जागा दिली, पिठलं-भाकर दिली. तिथला प्रसेनजित नावाचा मास्तर अगत्याचा माणूस. अंगणातला क्रूस आत घेऊ म्हणून तो हात लावायला गेला, तर मंडळातली चार पोरं जेवण टाकून धावली. "राहू द्या सर, राहू द्या. तुमाले नाई पेलवणार." चौघांनी चार बाजूंनी धरून, 'हळू, हळू' म्हणत, विहिरीचा दगड न्यावा तसा तो पाईप भिंतीला टेकवला. त्या गडबडीत सतीशच्या ध्यानात आलं, की गुपित आता त्याच्या एकट्याचं राहिलं नाही. सारं मंडळ ते राखत होतं. इतकी एकी मंडळात त्यानं एवढ्या वर्षांत पाहिली नव्हती.

रविवारी उन्हं वर यायच्या आत ते टेकडीच्या पायथ्याशी पोचले. इतर गावांचेही लोक आलेले होते. सतीशनं कंबरेला उपरणं बांधलं. चढण म्हणजे आता त्याच्या डाव्या हातचा मळ होता. वर्ष पदरात पडल्यात जमा होतं.

तेवढ्यात टेम्पोतून धनीबाई उतरली. सत्तरीची म्हातारी, यात्रेत स्वयंपाकाला येई. तिचा पोरगा पुंजाजी झाडावरून पडून अंथरुणाला खिळला होता, तेव्हा ती मातेला बोलली होती, पोरगं पायावर उभं राहू दे, मी क्रूस टेकडीवर नेईन. पोरगं उभं राहिलं, कामाला लागलं. नवस तसाच राहिला. दरवर्षी ती पायथ्याशी क्रुसाला हात घाले, तो हलत नसे, ती डोळे पुसून टेम्पोत जाऊन बसे.

"थांब सतीश," ती म्हणाली. "मले हात लावू दे."

"आजी, पुढच्या वर्षी," फादर घाईनं म्हणाले.

"पुढच्या वर्षी मी राह्यते का नाई, कोनाले ठाव?"

"लय जड हाय आजी," शिवम म्हणाला. "आमाले नाई पेलवत, तुमाले कसा पेलवीन?"

"नाई पेलवला तं नाई. दरसाल नाई पेलवत."

सतीशनं क्रूस घट्ट धरून ठेवला. तिच्या हाती गेला तर चढण गेली, चढण गेली तर पद गेलं. आणि पाईप आहे हे तिनं चारचौघांत बोलून दाखवलं तर तोंड दाखवायला जागा नाही. पण नवसाला आलेल्या म्हातारीला नको कोणत्या तोंडानं म्हणावं? सगळी टेकडी बघत होती. त्यानं हात सैल केले.

धनीबाईनं पदर खोचला, खाली वाकून खांदा दिला आणि उठली. क्रूस तिच्यासोबत उठला. ती तशीच उभी राहिली, जणू कोणी मागून धरलं आहे का ते बघत होती. मागं कोणी नव्हतं.

"माय माये," ती हळूच म्हणाली, आणि चालू लागली.

कुठंही थांबली नाही. वर पोचून तिनं क्रूस मातेच्या पायरीला टेकवला, शेजारी बसली आणि लहान लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "इनं माहा भार घेतला," ती मूर्तीकडं बोट दाखवून ज्याला त्याला सांगत होती. ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक क्रुसाच्या पाया पडू लागले. चमत्कार झाला, ही गोष्ट धनीबाई खाली बसायच्या आधीच टेकडीखाली पोचली होती.

मंडळ एका बाजूला उभं होतं. ज्याला खरं ठाऊक होतं, तो प्रत्येक जण कालपासून कण्हला होता.

"काका," शिवम म्हणाला, "चढण तं आजी चढली."

"मग सांग ना सगळ्याईले, क्रूस कसा हाय ते."

शिवमनं मोबाईल काढला, पाहिला, खिशात ठेवला.

मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक उपासनेच्या, आधी फादर लिंबाच्या झाडामागं खुर्ची टाकून पापनिवेदन ऐकायला बसले. एरवी तिथं दोन-चार म्हाताऱ्या जात. आज रांग लागली, आणि रांगेत सगळं युवक मंडळ. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. इतर गावांचे लोक म्हणत होते, पाहा, पोरांवर कसा परिणाम झाला.

सतीशची पाळी आली. तो गुडघे टेकून म्हणाला, "फादर, क्रूस पाईपाचा हाय."

फादरांनी रुमालानं मान पुसली. "हं."

"तुमाले कालच समजलं असेल."

"पापनिवेदन तुम्ही करताय. मी नाही."

"धनीबाईले सांगून टाकू का?"

"क्रूस वर नेईन, असं त्या बोलल्या होत्या. किती वजनाचा, ते काही बोलल्या नव्हत्या. त्यांचा नवस फिटला. तो मोडायला जाऊ नका."

"म्हणजे चमत्कार खरा?"

"तसं मी म्हणालो नाही. तुमचं प्रायश्चित्त ऐका. मिस्सेनंतर अध्यक्ष निवडायचा आहे. नाव तुम्ही सुचवायचं. धनीबाईंचं."

सतीशनं हात जोडले. "फादर, दुसरं काही द्या. पन्नास नमो मारिया म्हणतो. शंभर म्हणतो."

"ते तुम्हाला सोपं जातं."

"पण पस्तीसचा नियम—"

"तो माझ्याकडं लागला. जा आता."

मिस्सा झाली. मंडळ लिंबाखाली गोल बसलं. फादर म्हणाले, कोणी नाव सुचवतं का. सतीश उठला. आजवर तो शेकडो वेळा असा उठला होता, आणि दरवेळी शब्द आपोआप आले होते. आज आले नाहीत. चौकातल्या टपरीवाल्याचा चेहरा त्याच्यापुढं आला. उद्या तो काय म्हणून हाक मारील? नीलिमा त्याच्याकडं बघत होती.

"अध्यक्षपदासाठी," तो म्हणाला, आणि पाणी मागून प्याला. "अध्यक्षपदासाठी मी धनीबाईचं नाव सुचवतो."

अनुमोदन द्यायला सगळे एकदम उठले. शिवम सर्वांत आधी.

"मी?" धनीबाई म्हणाली. "युवक मंडळात? माहे दात तं पाहा."

"दाताचं काय हाय, आजी," सतीश म्हणाला.

"आन अध्यक्षाले काय करा लागते?"

सगळ्यांनी सतीशकडं पाहिलं. तो आठवू लागला. खड्डा आठवला, गव्हाणी आठवली, पाला आठवला. "फोटोत मधात उभं राहा लागते," त्यानं खरं ते सांगितलं.

"ते तुमीच राहा. मले लाज वाटते." धनीबाई क्रुसाकडं वळली. "हा आता इथंच राहू द्या मातेपाशी. लोकाईले हात लावाले होते. चर्चले दुसरा करा. भाऊसिंगकून, बाभळीचा, भरीव. पुढच्या वर्षी सतीश वर आणीन. त्याले सवय हाय."

ठरावाला सगळे हात वर झाले. फादरांचाही झाला. सतीशनं आजूबाजूला पाहून आपलाही केला.

"आन जा बापा," धनीबाई म्हणाली, "टेम्पोतली भाताची डेग वर आन. पोरं उपाशी हायेत."

सतीश टेकडी उतरून गेला. टेम्पोवाला फाळका पाडत म्हणाला, "अध्यक्ष, वरण आत्ता न्यायचं का मागून?"

"अध्यक्ष वर बसल्या हायेत," सतीश डेगीच्या कड्यात हात घालत म्हणाला. "त्याईले इचार."