वहिनीच्या बॅगेचं अस्तर

दादा दुकानात आला तेव्हा बॅग त्याने प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरली होती. पिशव्या सोडल्या आणि मी दोन पावलं मागे सरकले. चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी माजली होती. वास तर असा, की शेजारच्या शिंप्याने आपली खिडकी लावून घेतली.

"हे कसं झालं?"

"मला काय ठाऊक! दर रविवारी न चुकता तेल लावत होतो. धूळसुद्धा बसू दिली नाही."

"कसलं तेल?"

"कसलं म्हणजे? स्वयंपाकाचं."

मी बॅगा दुरुस्त करते त्याला सव्वीस वर्षं झाली आणि सख्ख्या भावाला एवढंही विचारावंसं वाटू नये? राग माझ्या नाकावरच असतो. "दादा, दोन वर्षं तू बुरशीला दर रविवारी जेवायला घातलंस," मी म्हटलं. "वर प्लॅस्टिकचं पांघरूण, शिवाय बंद कपाट. ती कशाला जातेय!"

त्याचा चेहरा एवढासा झाला आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली. बॅग वहिनीची होती. वहिनी नर्स, घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघायची. ही रुंद तोंडाची, पितळी कडीची बॅग तिने जुन्या बाजारातून आणली तेव्हाच बॅगेचं वय तिच्याहून जास्त होतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. आता माझी भाची सोमवारपासून तेच काम धरणार होती आणि आईचीच बॅग हवी म्हणून हटून बसली होती. दादाला मात्र बॅग साफ करून पुन्हा कपाटात हवी होती. बाहेर गेली की तिची वाट लागेल, हे त्याचं एकच पालुपद.

"आणि अस्तराला हात लावायचा नाही," त्याने बजावलं. "ते तिने स्वतः शिवलंय."

तो गेल्यावर मी नाकातोंडाला फडकं बांधलं, बॅग मागच्या दारी नेली आणि मऊ ब्रशने बुरशी कोरडीच झाडली. मग स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, फडकं घट्ट पिळून, आधी तळाला एका कोपऱ्यात पुसून पाहिलं. रंग उतरला नाही तेव्हा कुठे बाकीची पुसली. वाळवली सावलीत, कारण उन्हात जुनं चामडं तडकतं. दोन दिवसांत बाहेरून बॅग ओळखू येईना. पण शनिवारी सकाळी तोंड उघडलं तर तोच वास. अस्तराची कड जराशी उचलून पाहिली, कापड पाठीमागून काळं पडलं होतं.

दादाला बोलावून घेतलं. मागोमाग भाचीही आली.

"अस्तर काढावं लागेल," मी म्हटलं. "नाहीतर महिन्याभरात बुरशी पुन्हा हजर. मग चामडंही हातचं जाईल."

"नाही म्हणजे नाही."

"बाबा, आत्या सांगतेय ते जरा..."

"तू मध्ये बोलू नकोस."

मी भांडायला तयारच होते. पण त्याचा अंगठा अस्तराच्या टाक्यांवरून फिरताना दिसला आणि मी गप्प बसले, जे माझ्या हातून फारसं होत नाही. टाके उसवायची छोटी सुरी त्याच्यापुढे ठेवली. "तूच उसव. मी हात लावणार नाही."

त्याने सुरी उचलली. मग एकेक टाका उसवू लागला. तासभर लागला. "एवढे बारीक टाके कशाला घालायचे माणसाने," तो डोळे पुसत पुटपुटला. भाचीने दिवा जवळ धरला.

अस्तर निघालं. मी श्वास रोखून आत बोट फिरवलं. चामडं कोरडं होतं, घट्ट होतं, नव्यासारखं तांबूस. बुरशी कापडातच थांबली होती. मला चक्क रडू आलं.

मी आतूनही पुसून घेतलं. रविवारी नवं अस्तर भाचीने शिवलं. टाके असे वाकडेतिकडे, की शिंप्याने बघून न बघितल्यासारखं केलं. दादाने विचारलं, "आता कपाटात कशी ठेवू?"

"ठेवायचीच तर सुती पिशवीत ठेव. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि अधूनमधून हवा दे. तेलाची बाटली मात्र स्वयंपाकघरातच राहू दे," मी म्हटलं. "पण खरं सांगू? रोज हाताळलेल्या चामड्याला बुरशी सहसा धरत नाही. या बॅगेला कामावर जाऊ दे, दादा."

तो बॅग घेऊन गेला.

सोमवारी दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी फोन वाजला.

"पोरीने थर्मासचं झाकण नीट लावलं नाही," दादा कडाडला. "बॅगेत चहा सांडलाय. पहिल्याच दिवशी!"

"टिपून घेतलास ना? तोंड उघडं ठेवून पंख्याखाली..."

"केलं सगळं. पण अस्तरावर हा एवढा डाग राहिलाय."

"पाठवून दे, बघते मी."

मागे भाची काहीतरी सांगत होती. कुणा आजारी आजोबांनी म्हणे आज तिच्या हातून औषध न कुरकुरता घेतलं.

"नको," दादा म्हणाला. "उद्या सातला निघायचंय तिला. बॅग लागेल."