मंगळवार-शुक्रवारची चाल

आजी न्हाणीघरात घसरून पडल्या, तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता, आमच्याकडे राहायला ये. आजी या कानाने ऐकायच्या, त्या कानाने सोडून द्यायच्या. शेवटी तोडगा काढला तो नातीने. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात यंत्रं बसवायची आणि ती भरवशाची कशी करायची, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिने आजींच्या घरातल्या आतल्या प्रत्येक दारावर साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी चिकटवली. कॅमेरा नाही, काही नाही. माणूस दारातून गेलं की डबी नातीच्या संगणकाला कळवायची. एका दारातून दुसऱ्या दारात पोचायला किती वेळ लागला, त्यावरून चाल मोजली जायची. घर फार वेळ निपचित राहिलं, तर मुलाच्या फोनवर सूचना.

"सगळं ठीक दिसलं तर तू तुझ्या घरी," मुलगा म्हणाला होता. "वावगं दिसलं, तर मी टेम्पो घेऊनच येईन."

आता झालं असं, की आजींना पोहायला शिकायचं होतं. लहानपणी राहिलं, पुढे नोकरी-संसारात विसरायला झालं. मागच्या रस्त्यावरच्या तलावात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी फक्त बायका असत. मुलाला विचारावं तर उत्तर ठरलेलं. न विचारता जावं तर घर निपचित. म्हणून त्यांनी जुन्या मैत्रिणीला, ट्रंकबाईंना बोलावलं.

दोघी एकेकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. तिथे बोर्डावर दिवा लागला, की कुणीतरी रिसीव्हर उचललाय एवढंच कळायचं. कोण, ते विचारल्याशिवाय नाही. सुपरवायझरीणबाईंची पाठ फिरली, की एकीने दोघींचे बोर्ड सांभाळायचे आणि दुसरीने चहा पिऊन यायचं. परगावचे कॉल, म्हणजे ट्रंक कॉल, जोडायच्या म्हणून ट्रंकबाई हे नाव पडलं, ते पडलंच.

"म्हणजे पुन्हा तुझ्या बोर्डावर मीच," ट्रंकबाई म्हणाल्या. "पगार?"

"चहा. तोही तूच करून प्यायचा."

"आणि बिस्किटं?"

"आहेत. सगळा पुडा संपवू नकोस म्हणजे झालं."

ट्रंकबाईंनी ड्युटी मनावर घेतली. तिकडे आजी तलावाचा काठ धरून पाय मारायच्या आणि इकडे त्या स्वयंपाकघर ते बैठकीची खोली इमानेइतबारे खेपा घालायच्या. काही महिने सगळं बिनबोभाट चाललं.

मग एका बुधवारी नात लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"आजी, तुझी चाल मंदावतेय. रोज नाही, मधूनच. मी आधी बॅटऱ्या बदलल्या, मग डब्याच बदलल्या. तरी तेच. मेंदूच्या काही आजारांत असं होतं म्हणतात. मला बाबांना सांगावंच लागलं. ते रविवारी टेम्पो ठरवतायत."

गप्प बसावं तर घर गेलं. बोलावं तर पोहणं गेलं, शिवाय पोरीच्या इतक्या महिन्यांच्या कामाची माती. आजींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मंगळवारी आणि शुक्रवारीच ना?"

"तुला कसं माहीत?"

"त्या दुपारी मी घरात नसतेच. ट्रंक असते."

सगळं ऐकून झाल्यावर नात कपाळाला हात लावून बसली.

"घरात एकच माणूस, असं धरून मी सगळं गणित मांडलंय गं. कोण चाललं ते डबीला कळत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तुला विचारलं होतं, दुपारचं कुणी येतं का. तू म्हणालीस, मेलं कुणी फिरकत नाही."

"तेव्हा नव्हतंच फिरकत कुणी."

नातीला राग आला होता, पण हसूही आवरेना. ती त्या दोन दिवसांचे आकडे वेगळे काढू लागली. थोड्या वेळाने तिचं हसू गेलं.

"तू ठणठणीत आहेस. पहिल्यापेक्षा भरभर चालतेस. पण हे बघ. नुसत्या त्या दुपारी घेतल्या, तर रेघ सारखी खाली चाललीय. मावशीआजी सुरुवातीला चालायच्या, त्याच्या निम्म्याने चालतायत आता. मध्येच दारात थांबतात. डब्यांनी मोजलंय ते बरोबरच आहे."

परवाच ट्रंकबाई म्हणाल्या होत्या, तुझा पॅसेज हल्ली लांबलाय गं. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

संध्याकाळी आजींनी मुलाला स्वतः फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. तो आधी चिडला. मग, मावशीला डॉक्टरकडे कोण नेणार, म्हणून विचारलं. शेवटी म्हणाला, "टेम्पोवाल्याला नको सांगतो. पण यापुढे जाशील तिथे मला सांगून जा."

दुसऱ्या दिवशी आजी मैत्रिणीच्या दारात उभ्या.

"साडी बदल. डॉक्टरांकडे जायचंय."

"मला काय धाड भरलीय?"

"माझ्या डब्यांनी तुझी चहाडी केलीय."

"मी त्यांचं काय घोडं मारलं? चांगली फिरत होते की त्यांच्यापुढे."

"तेच त्यांनी सांगितलं."

ट्रंकबाईंनी आणखी थोडी हुज्जत घातली. मग उठल्या. उठताना आधी टेबल धरलं, मग कपाट. आजी प्रथमच नीट बघत होत्या.

"आणि उद्या शुक्रवार," ट्रंकबाई म्हणाल्या. "तुझं घर निपचित पडेल त्याचं काय?"

"पडू दे. मी कुठे असते ते मुलाला माहीत आहे."