सकाळचा लेप

मित्रांनो, देवळीत देवांच्या शेजारी काळवंडून बसलेला हा जुना पितळी करंडा, तो मी. सोनपेठच्या बाजारात एका तांबटाने मला विकले, तेव्हा मी इतका लखलखीत होतो की धुरपदाबाईने माझ्यात पाहून कपाळावरची बट मागे सारली होती. ती तेव्हा नवी नवरी होती. रोज न्हाऊन झाले की ती माझ्यातले कुंकू लावी. पारोशा हाताने मला कुणी शिवत नसे. हा माझा मान होता.

निजामाचे राज्य गेले त्याच्या पुढच्या वर्षी पटकीची साथ आली. धुरपदाबाईचा नवरा त्यात गेला. तिने माझ्यातले कुंकू नदीत सोडले, मला राखेने घासले आणि पुन्हा देवांपाशी ठेवले. घरात ती आणि तिची मुलगी कोकिळा, दोघीच उरल्या.

कोकिळा जन्मापासून दुधासारखी पांढरी होती. केस भुरे, पापण्याही पांढऱ्या. उजेडात तिचे डोळे मिटत आणि उन्हात अंग भाजून निघे. लग्नाचे वय झाले तरी तिला मागणी आली नाही. पोट मजुरीवर, म्हणून कापूस वेचायला, ज्वारी काढायला तिला जावेच लागे. शेतात पोरी हसत, "कोकिळे, उठून उभी ऱ्हा, न्हाईतर बोंड समजून तुलाच वेचतील!" तीही हसे. संध्याकाळी मात्र तिच्या गालांवर फोड उठलेले असत.

एका दिवाळीला धुरपदाबाई तिला बाजाराच्या दिवशी हकीमसाहेबांकडे घेऊन गेली. त्यांनी जस्ताची पांढरी पूड तिळाच्या तेलात खलून घट्ट लेप दिला. "बाहर जाने के पैले लगाना," ते म्हणाले. "पसीना आया, मुँह धोया, तो फिर लगाना. एक बार का दिनभर टिकता नै, अम्मा." धुरपदाबाईला दखनी चांगली कळे. तिने मान हलवली. घरी झाकणाचे दुसरे भांडे नव्हते, म्हणून लेप माझ्यात भरला. मला वाटले, माझे दिवस पालटले.

दुसऱ्या दिवशी कोकिळेने न्हाऊन लेप लावला आणि मला भाकरीच्या फडक्यात बांधू लागली.

"ते कुठं न्यायलीस?" धुरपदाबाईने विचारले.

"शेतात. घाम आला की पुन्हा लावते. हकीमसाब म्हनले न्हाई का?"

"येडी हायस का? देवापुढला करंडा हाय तो. मातीच्या हातानं शिवतीस? सकाळी न्हाऊन लावलास, तेवढं पुरं."

"पुसून जातो गं आई."

"देवाजवळची वस्तू हाय. दिसली न्हाई तरी काम करती."

तिने मला परत देवळीत ठेवले. धुरपदाबाई वाईट नव्हती, मित्रांनो. लेकीवर तिचा जीव होता. मला शुद्ध ठेवले तर लेपाला गुण येईल, असे तिला मनापासून वाटे.

कोकिळा सकाळी पांढरा चेहरा घेऊन जाई आणि संध्याकाळी लाल घेऊन येई. मी दिवसभर गारव्यात भरलेला बसून असे. शेजारची बायनाबाई एकदा दारातूनच म्हणाली, "धुरपदे, तुझा लेप न्याहारीलाच वघळून जायलाय. दुपारी पोरगी नुसती भाजायली."

"रोज लावती की ती. एक दिस चुकवत न्हाई," धुरपदाबाई म्हणाली.

ज्वारीच्या काढणीत कोकिळेच्या खालच्या ओठावर चट्टा पडला आणि चिघळला. आधीच्या उन्हाळ्यांनीही तिला कमी जाळले नव्हते. धुरपदाबाई तिला आणि मला घेऊन हकीमसाहेबांकडे गेली. त्यांनी ओठ पाहिला, मग माझे झाकण उघडले.

"दिवाली का लेप शिमगे कू भी आधा? अम्मा, ये तो कब का खतम होना था."

"रोज लावला, साहेब. न्हाऊन, देवाला हात जोडून."

हकीमसाहेबांनी माझे झाकण लावले. मग म्हणाले, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

परभणीला ओठाचा तुकडा काढला. जखम भरली नाही. गाठ मानेत उतरली. आता धुरपदाबाई मला ओच्यात घेऊन फिरू लागली. कोकिळा अंगणात आली तरी शेणाचे हात पदराला पुसून ती तिला लेप लावी. माझ्यात मातीचे कण आले, ज्वारीची कुसळे आली. मी रिकामा होई, ती मला पुन्हा भरून आणी.

"आता देव रागवत न्हाई का गं?" कोकिळेने एकदा विचारले. धुरपदाबाई लेप लावत राहिली.

पुढच्या वैशाखात कोकिळा गेली. बायकांनी तिला न्हाऊ घातले. तेवढ्यात धुरपदाबाईने मला ओच्यातून काढले.

"आता कशाला गं बाई?" बायनाबाई रडत म्हणाली.

"भर दुपार हाय. नदीपत्तोर उघड्यावर न्यायचंय तिला."

तिने कपाळाला लावला, गालांना लावला, कानामागे, मानेला लावला. नखाने माझा तळ खरवडला. तिला कुणी अडवले नाही.

मित्रांनो, नंतर मला कुणी भरले नाही. तुमच्या घरी उन्हाला न टिकणारी कातडी घेऊन कुणी जन्मले असेल, तर त्याचा लेप देवळीत ठेवू नका. त्याच्या भाकरीबरोबर बांधून द्या. घाम आला, तोंड धुतले, पुसले, की पुन्हा लावा. हात मातीचे असले तरी लावा. देव तेवढे समजून घेतो, ऊन घेत नाही.