घरी न पोचणारी कॉर्ड

"हे काय लावलंयस? भाऊ मेलाय तुझा, लग्न नाहीये कुणाचं!"

"मम्मी, काल मायनर कॉर्ड लावली तर म्हणालीस, अंगावर काटा येतो. त्याआधी सेव्हन्थ लावली तर म्हणालीस, दारूच्या अड्ड्यावरचं वाटतं. आता मेजरही नको. मग वाजवू काय, कपाळ?"

"आवाज खाली!"

ओरेनने हेडफोन टेबलावर आपटले. मागची खोली पत्र्याखाली नुसती भाजत होती. व्हरांड्याच्या जाळीला कुलूप, किल्ली मम्मीच्या ब्लाउजमध्ये. थोरला रोमेल मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हापासून. जमैकातल्या या पोर्टमोरमध्ये जाळी सगळ्यांच्याच घराला असते, पण ती चोर बाहेर ठेवायला. इथं ती पोरगा आत ठेवायला होती.

सौदा साधा होता. रोमेलच्या नाइन नाइटसाठी ट्रॅक बनव, मग जा कुठं जायचं तिथं. मातीच्या आदल्या रात्री अख्खी गल्ली जमते, रम, तळलेली मासळी, डॉमिनो, गाणी. मेलेल्याला हसत वाटेला लावायचं, नाहीतर तो घरातच घुटमळतो. पण 'ट्रॅक कुठं झालाय अजून' म्हणत मम्मीने ती रात्र दोनदा पुढे ढकलली. शवागारवाले फोन करून थकले. सुपासाठी आणलेला बोकड झाडाखाली बांधून बांधून जाडजूड झाला. आणि गावोगावी नाचगाण्याला स्पीकर लावणाऱ्या साउंड सिस्टिमचा ट्रक तर आजच ओचो रिओसला निघत होता. त्यात ओरेनला काम मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलं.

जाळीबाहेरून बर्टीमामा ओरडला, "आयलीन, संपव की गं! बोकड आता मला नावाने हाक मारायला लागलाय!"

"तू गप रे, म्हाताऱ्या!"

ओरेनने चिडून एक कॉर्ड दाबली. ना दुःखी, ना आनंदी. मधला सूर जागेवरून सरकवलेला, लटकता. कान नुसता वाट बघत राहतो, आता पुढची येईल, घरी पोचेल. त्याने तीच फिरत ठेवली.

मम्मी पलंगावर बसली. "ही. ही बरी आहे. अशीच ठेव."

"हिच्यावर ट्रॅक संपत नाही, मम्मी. पुढे घरची कॉर्ड लागते."

"नको लावूस."

तेव्हा त्याची ट्यूब पेटली. तिला मेजर-मायनरशी काही देणंघेणंच नव्हतं. ट्रॅक संपला की रोमेल जाणार, पाठोपाठ ओरेनही. त्याला राग यायला हवा होता. आला नाही, तिची दयाच आली, आणि त्याचाच राग आला.

कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. मम्मीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थोडा वेळ, ओरेन. फिरू दे अजून."

त्याने दुसऱ्या हाताने घरची मेजर दाबली. भरदार, पूर्ण. विरेपर्यंत दाबून ठेवली.

"झालं. आज रात्री हेच लावा," तो म्हणाला. "मनगट सोड, मम्मी, जाळीची किल्ली दे. मला निघायचंय आता."